आत्याचा शंख आणि शेठचा मनोरा

एका खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटी लागली की उघडं पडणारं एक मोठं डबकं होतं. त्या डबक्याच्या काठाने शंखात राहणाऱ्या खेकड्यांची जुनी वस्ती होती. शंखातला खेकडा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याने आधी ऐकून घ्यावं, मग पुढे जावं. या खेकड्याच्या नांग्या टणक असतात, पण मागचं अंग पिकल्या केळ्यासारखं मऊ. उघड्यावर सापडला तर कावळ्याला एक चोच पुरते. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो, त्यात मागचं अंग सरकवतो आणि घर पाठीवर घेऊन जन्मभर हिंडतो. अंग वाढलं की तो शंख काचतो, मग दुसरा बघायचा. खेकड्याला शंख काही बांधता येत नाही. जे आहेत तेच वापरायचे.

यासाठी वस्तीत एक रीत होती, आणि ती फार शहाणपणाची होती. मोठा शंख मोकळा झाला की सगळे अंगाच्या मापाने ओळीत उभे राहत. थोराड पुढे, पिल्लं शेपटाला. पहिला नव्या शंखात शिरे, त्याने सोडलेल्यात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा, असं करत शेवटच्या पिल्लालासुद्धा मोठं घर मिळे. एकट्याने घर बदलायचं नाही. बदललं तर सगळ्या ओळीने. मात्र आपण सोडलेला शंख मागच्याला राहण्यासारखा असला पाहिजे. म्हणून ओहोटीला बसून ज्याने त्याने आपला शंख खरवडायचा, आतली वाळू काढायची, कडा घासून ठेवायच्या.

रीत होती, पण खरवडायचा कंटाळा करणारे निघाले. त्यांत पहिला नंबर थोरल्याचा.

थोरला म्हणजे वस्तीतला सगळ्यांत आडदांड खेकडा. त्याच्या शंखावर एकदा चुन्यासारखी टणक खपली धरली. उद्या काढू म्हणाला. उद्याचं परवा झालं, खपलीखाली किडा शिरला, आणि शंखाला आरपार भोक पडलं. दर लाटेला पाठीवर गार पाण्याची धार. वर अंग वाढलेलं, म्हणून शंख काचायचा तो वेगळाच. पण थोरला बाहेर पडला तरी तो गळका शंख घेणार कोण? ओळीत त्याच्यामागे त्याची बायकोच उभी राहणार. तिने स्पष्ट सांगून टाकलं होतं, "अहो, उघड्यावर मरेन, पण तुमच्या त्या गळक्यात पाय ठेवणार नाही."

झालं. तो अडला म्हणून बायको अडली, बायको अडली म्हणून तिच्यामागचे अडले. सगळी वस्ती आखडलेल्या घरांत अंग चोरून बसली, आणि जागा अपुरी पडली की जे होतं ते सुरू झालं. तुझी नांगी माझ्या दारात आली, तुझी वाळू माझ्याकडे उडाली, अशी रोजची भांडणं.

डबक्याच्या वरच्या अंगाला आत्या राहायची. ती नेमकी कुणाची आत्या हे कुणालाच सांगता आलं नसतं. सगळेच आत्या म्हणत. वयाने सगळ्यांत मोठी, पण अंगाने आटून पिल्लाएवढी उरलेली. तिचा शंख मात्र वस्तीतला सगळ्यांत मोठा, आतून गुळगुळीत, आणि वर एक समुद्रफूल बसवलेलं. हे फूल म्हणजे फुलासारखा दिसणारा जीव, दगडाला चिकटतो आणि हात लागला की मिटतो. ओहोटी लागली की आत्या खरवडायला बसायची. खर्र, खर्र, खर्र. थोरल्याचं डोकं उठायचं.

"एवढीशी म्हातारी आणि एवढा शंख," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. "आत काय नाचते की काय?"

"नाचते की," आत्या मान वर न करता म्हणायची. "तुझ्यासारखं गळत नाही ना माझ्याकडे, पाय घसरत नाही."

एकदा थोरल्याने तोंडावरच विचारलं की एवढं मोठं घर अडवून का बसलीस. आत्याने खरवडणं थांबवलं. ती म्हणाली की ओळ लाव, मी आत्ता निघते, हा शंख तुझ्याच मापाचा आहे आणि त्यासाठीच राखलाय. "पण तुझा मागे कोण घेणार, तेवढं सांग."

 अडचणीचा प्रश्न आला की माणूस काय, खेकडा काय, रागावतोच. तेव्हापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला.

अशा वेळी खाडीकडून एक चिंबोरा आला. चिंबोरा म्हणजे दगडासारख्या पाठीचा मोठा खेकडा, नांग्या अशा की नारळ धरावा. त्याला सगळे शेठ म्हणू लागले. शेठने वस्ती हिंडून पाहिली, दोनचार शंखांवर टिचक्या मारल्या आणि चुकचुकला. मग त्याने सगळ्यांना खडकावर बोलावून आपला बेत सांगितला. हे जुने शंख तुम्ही किती दिवस पाठीवर ओढणार? सगळे माझ्याकडे द्या. मी ते एकावर एक रचतो, चिखलाने लिंपतो, मधल्या भिंती फोडतो. उंच मनोरा होईल, प्रत्येकाला दीडपट जागा मिळेल, वारा येईल, समुद्र दिसेल. खरवडणं नाही, घासणं नाही. काम होईपर्यंत तेवढं खडकाच्या भेगांत राहायचं.

थोरला सगळ्यांत आधी पुढे झाला. त्याने आपला भोकाचा शंख शेठपुढे असा ठेवला, जणू नवरदेवाला पोशाख देतोय. त्याच्या बायकोने दिला, मग सगळ्यांनी दिले. एकट्या आत्याने दिला नाही.

शेठ म्हणाला की तळाला मोठा शंख हवाच, त्याशिवाय मनोऱ्याला बूड कसं येणार. सगळी वस्ती आत्याच्या दारात जमली. कुणी गोड बोललं, कुणी म्हणालं की म्हातारीला पोरांचं सुख बघवत नाही. थोरला बोलला ते तर लिहिण्यासारखंही नाही. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"घर हातातून हातात द्यायचं असतं," ती म्हणाली. "ढिगात टाकायचं नसतं. घ्यायला कोण उभा आहे ते दिसल्याशिवाय मी सोडणार नाही."

त्यावर वस्तीने ठरवलं की डबक्यातलं शेवाळ आत्याला द्यायचं नाही. ती वरच्या खडकावर जाऊन कोरडं काहीबाही खाऊ लागली, पण खरवडणं सुटलं नाही. खडकाच्या भेगेत उघड्या अंगाने चिकटून बसलेल्या थोरल्याला रोज तो आवाज ऐकू यायचा. त्याची पाठ दगडावर घासून सोलवटली होती. बायको म्हणाली, "गळकं होतं, पण होतं."

शेठला लबाड म्हणता येणार नाही, हे सांगितलं पाहिजे. त्याने खरंच मेहनत केली. शंखावर शंख चढवले, चिखल कालवला, लिंपलं. मनोरा उभाही राहिला आणि लांबून देखणा दिसला. मधल्या भिंती तेवढ्या फोडायच्या राहिल्या होत्या, म्हणून वस्ती अजून भेगांतच होती. पण शेठची पाठ जन्मतःच टणक. त्याला कधी घर लागलं नव्हतं, तेव्हा घराला लाट कशी लागते हे त्याला कुठून ठाऊक असणार? अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. पहिल्या लाटेत चिखल विरघळला. दुसरी लाट नुसती वरून गेली, आणि पाणी उतरलं तेव्हा मनोऱ्याच्या जागी काही नव्हतं. शंख किनारभर पांगले होते. शेठने नांग्या वर करून पाहिलं, खाडीची वाट धरली आणि पाण्यात उतरला. पुन्हा काही तो तिकडे फिरकला नाही.

इकडे भेगांतून सगळे धावले, कारण पाणी ओसरलं होतं आणि कावळे खडकावर उतरू लागले होते. ज्याला जो सापडला तो शंख त्याने धरला. थोरल्याच्या वाट्याला एक चिमुकला आला, त्यात त्याचं निम्मं अंगसुद्धा मावेना. एक पिल्लू भल्यामोठ्या शंखात पडून गडगडत होतं, बाहेर येता येईना. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं घर होतं आणि सोडायला कुणीही तयार नव्हता. सोडला आणि दुसऱ्याने दिला नाही तर? जो तो नांग्या रोखून एकमेकांकडे बघत राहिला. थोरल्याचा भोकाचा शंख तेवढा मधोमध पडला होता. त्याला कुणी शिवलंही नव्हतं.

एक कावळा उड्या मारत पिल्लांच्या बाजूला आला.

तेव्हा आत्या खाली उतरली. ती ओळीच्या तोंडाशी जिथे थोरल्याने उभं राहायचं तिथे आली, आणि आपल्या शंखातून बाहेर पडली.

वस्तीतल्या एकानेही तिला कधी शंखाबाहेर पाहिलं नव्हतं. सुकलेल्या शेंगेएवढं तिचं अंग, पांढरं पडलेलं, उन्हात उघडं होतं. डोक्यावर कावळे, पुढे ज्यांनी तिचं शेवाळ बंद केलं ते शेजारी. तिने मोठा शंख थोरल्यापुढे ढकलला.

"घे," ती म्हणाली. "आता समोर कोण आहे ते दिसतंय मला."

थोरल्याला लाज वाटली, पण लाजत बसायला वेळ नव्हता. तो शिरला. आणि आत शिरताच त्याला कळलं की हे काय आहे. कुठे खडबड नाही, कुठे खपली नाही. आतली प्रत्येक वळणाची भिंत इतकी घासलेली की सोलवटलेली पाठसुद्धा दुखली नाही. इतके दिवस त्याच्या डोक्यात जाणारी ती खर्र खर्र म्हणजे त्याच्यासाठी चाललेलं काम होतं. ते बघून बाकीच्यांनीही हातातले शंख खाली ठेवले आणि मापाने ओळ धरली.

आता त्याची बायको. ती भोकाच्या शंखासमोर आली आणि थबकली. ती थबकली तशी सगळी ओळ थबकली. आत्याने, उघड्या अंगाने, सावकाश मागे वळून आपल्या जुन्या शंखावरचं समुद्रफूल एका नांगीने सोडवलं. ते मिटलं, पण तिने हळूहळू थोपटलं तसं पुन्हा उमललं. मग तिने ते त्या भोकावर नेऊन बसवलं. फुलाने भोक घट्ट धरलं.

"जा गो," आत्या म्हणाली. "आता गळायचं नाही. आणि याला रोज दोन कण खायला घालत जा, नाहीतर रुसतं."

बायको शिरली. तिच्या जुन्या शंखात मागचा शिरला, त्याच्या जुन्यात त्याच्यामागचा. वस्तीने कैक दिवस न पाहिलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली. ओळ हलली. कुणी ढकललं नाही, कुणी हिसकावलं नाही. गडगडणाऱ्या पिल्लाला शेजाऱ्यांनी बाहेर ओढलं आणि ते नीट आपल्या मापाच्या घरात बसलं. कावळा जवळ येऊन बघतो तर नुसते बंद शंख.

उघडी राहिली ती आत्या. शेवटी उरलेला शंख सगळ्यांत धाकट्या पिल्लाचा, नखाएवढा. आत्या त्यात शिरली, पण निम्मी पाठ बाहेर राहिली. तेव्हा थोरला आपला मोठा शंख ओढत आला आणि तिला खेटून उभा राहिला. मग त्याची बायको आली, मग सगळेच आले. दिवस मावळून कावळे उडेपर्यंत वस्तीने आत्याभोवती शंखांचा कोट केला. कोटाच्या मधून आत्या एवढंच म्हणाली, "जरा सरका. श्वास घ्यायला जागा ठेवा."

दुसऱ्या ओहोटीपासून थोरला किनारा धुंडाळू लागला. कित्येक शंख त्याने उलटसुलट करून टाकून दिले. शेवटी आत्याच्या मापाचा एक मिळाला, पण काळाकुट्ट, खपल्यांनी भरलेला. थोरला तो घेऊन बसला. खर्र, खर्र, खर्र. त्याच्या नांगीचं टोक झिजलं. शेजारी म्हणाले की पुरे, झाला चांगला. तो म्हणाला, अजून आतलं वळण राहिलंय.

मग तो शंख त्याने आत्याच्या हातात नेऊन दिला. आत्याने तो फिरवला, कडेवरून नांगी फिरवली, नांगी आत घालून अगदी टोकापर्यंत चाचपून पाहिलं. थोरला समोर उभा होता. वस्ती बघत होती.

"चालेल," आत्या म्हणाली, आणि आत गेली.

तात्पर्य एवढंच : घर आपल्यापुरतं नसतं. मागून येणाऱ्याच्या हाती देता येईल असं ते नीट राखावं, आणि द्यायची वेळ आली की सगळ्यांत आधी आपण ते सोडावं.