ओंजळीचा नियम

तीन राज्यांच्या शिवा जिथे एकमेकींना टेकतात, अशा एका उंच घाटमाथ्यावर फार वर्षांपूर्वी एक पाणपोई होती आणि तिच्यावर एक पाणक्या होता. म्हातारा, काटक आणि भारी हट्टी.

पाणपोई त्याच्या लहानपणीही होती, पण तेव्हाची तऱ्हा वेगळी. पितळी लोटा पुढे करणाऱ्याला काठोकाठ पाणी मिळे, आणि या पाणक्यासारख्या हलक्या मानलेल्या जातीच्या माणसांना आवाराबाहेर उभं करून लांबून धार सोडत. निम्मं पाणी मातीत जाई. परक्या राज्याचा वाटसरू असला तर तेवढंही नाही. यावरून एकदा घाटात अशी हाणामारी झाली, की तिन्ही राजांना एकत्र बसावं लागलं. त्यांनी मिळून ठराव केला आणि पाणपोईसमोरच्या शिळेवर तो कोरून घेतला: ‘इथे राज्य, जात, भाषा, बाई-पुरुष, गरीब-श्रीमंत असा भेद नाही. भांडं कुणी पुढे करायचं नाही. प्रत्येकाला एक ओगराळं पाणी, तेही ओंजळीत.’

पुढे आवाराबाहेर उभा राहणारा तो मुलगाच मोठा होऊन तिथला पाणक्या झाला. त्या शिळेवर त्याचा फार जीव. रोज सकाळी आधी शिळा पुसायची, मग खालच्या झऱ्यावरून डोक्यावर घागरी आणायच्या, असा त्याचा क्रम होता.

एकदा एक सरदार चांदीचा लोटा घेऊन आला. “आम्ही काय भिकाऱ्यासारखे हात पसरायचे?” तो गरजला.

“सरकार, या शिळेपुढे सगळ्यांचीच ओंजळ,” पाणक्या म्हणाला आणि लांब दांड्याचं ओगराळं धरून उभा राहिला, तो हलेचना. शेवटी तहानेने सरदाराला ओंजळ करावी लागली. पाणी त्याच्या झुपकेदार मिशांवरून ओघळलं आणि रांगेतली माणसं खुदुखुदु हसली. सरदार ते विसरला नाही.

मग एका वैशाखात, ऐन दुपारी, रांगेतून एक बाई पुढे आली. तिचा डावा हात कोपरापासून नव्हता. पलीकडच्या राज्यात तिची लेक बाळंत झाली होती आणि बाई पहाटेपासून चालत होती.

“बाबा, माझी ओंजळ व्हायची नाही,” ती म्हणाली. “गाठोड्यात तांब्या आहे, त्यात ओता.”

पाणक्या घुटमळला. रांगेत थोडं मागे तोच सरदार उभा होता आणि टक लावून बघत होता. आज हिचा तांब्या भरला तर उद्या याचा चांदीचा लोटा पुढे येणार. मग पुन्हा ते आवार आणि ती लांबून सोडलेली धार!

“नियम सगळ्यांना सारखा, बाई,” तो म्हणाला. “मी कुणात भेद करत नाही.”

बाईने एकच तळवा पुढे केला. पाणक्याने पुरतं भरलेलं ओगराळं ओतलं, थेंबभरही कमी नाही. तळव्यात घोटभर राहिलं, बाकीचं बोटांतून खाली गेलं.

“आणखी थोडं?”

“एकाला एकच.”

बाई रागावली नाही. ओला तळवा चेहऱ्यावरून फिरवत म्हणाली, “तुम्ही सगळ्यांइतकंच ओतलंत, बाबा. पण माझ्या घशात तेवढं आलं नाही.” आणि ती घाट उतरू लागली.

पाणक्याने पुढच्या माणसाला पाणी दिलं. त्याच्या पुढच्यालाही दिलं. पण नजर सारखी खाली जात होती. बाई उभी होती तिथे कातळाच्या खळग्यात पाणी साचलं होतं, आणि एक होला पक्षी मान वाकवून ते पीत होता. बाईच्या वाट्याचं पाणी होतं ते. म्हाताऱ्याला एकदम आपलं लहानपण आठवलं.

त्याने ओगराळं ठेवलं, भरली घागर खांद्यावर घेतली आणि वाट उतरू लागला. मागे रांगेत एकच कालवा झाला. सरदार तेवढा मिशीत हसला.

पहिल्याच वळणावर करवंदीच्या जाळीला टेकून बाई बसली होती. तिला घेरी आली होती, ओठ पांढरे पडले होते. पाणक्याने गाठोड्यातला तांब्या काढून भरला आणि तिच्या तोंडाला लावला. तिने तो रिकामा केला, मग आणखी एक. हळूहळू तिच्या डोळ्यांत जान आली.

“चुकलो, पोरी,” म्हातारा म्हणाला.

“लेकीचं बाळ बघायचंय मला,” ती एवढंच म्हणाली आणि हमसून रडली.

सरदाराने अर्थातच तक्रार केली. तिन्ही राज्यांचे पंच शिळेपाशी जमले. नियम मोडणारा पाणक्या पाणपोईवरून जायचा, अशी रीतच होती.

“तिला भांडं आणि मला ओंजळ!” सरदार म्हणाला. “ही कसली समानता? एक तर याला काढा, नाहीतर माझाही लोटा भरा.”

“नियम मोडलास?” पंचांनी विचारलं.

“मोडला,” पाणक्या म्हणाला. “पण आधी नीट पाळला होता, त्याची लाज वाटते. लहानपणी माझ्या वाट्याचं पाणी इथे मातीत जायचं. त्या दिवशी त्या बाईचंही तसंच गेलं. ओतणारा मात्र मी होतो.”

“मग उद्या जो तो भांडं मागेल. तेव्हा काय करशील?”

“मागू दे. ज्याची ओंजळ भरतच नाही त्याला भांडं द्यायचं. ज्याला ओंजळ करायची लाज वाटते त्याला नाही.”

पंच आपसांत बोलले. मग त्यांनी पाथरवटाला बोलावलं आणि ठरावाखाली एक ओळ वाढवली: ‘ज्याच्या हातात पाणी राहत नाही, त्याला ते राहील असं द्यावं.’ पाणपोईवर मातीचा एक वाडगा आला. पाणक्याची जागा राहिली.

वर्षं गेली. म्हाताऱ्याला घागरी झेपेनात, तेव्हा पंच नवा माणूस शोधू लागले. लेकीकडे जाता-येता पाणपोईवर थांबणारी ती एका हाताची बाई पुढे आली. पंचांनी तिच्या हाताकडे बघितलं आणि ते चुळबुळले. “डोक्यावरून घागर आणते मी,” ती म्हणाली, “आणि ओगराळं धरायला एकच हात लागतो.” इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

एका दुपारी म्हातारा रांगेतून तिच्यापुढे आला. सवयीने त्याने ओंजळ केली, पण हातांना कंप सुटला होता. ओंजळ मिटेचना. तो ओशाळला आणि हात मागे घेऊ लागला.

ओगराळं खाली ठेवून बाईने कोनाड्यातला वाडगा काढला, काठोकाठ भरला आणि त्याच्या तोंडाला लावला. रांगेत कुणीही कुरकुर केली नाही.

तात्पर्य: सगळ्यांना सारखं ओतलं की हात झटकून मोकळं होऊ नये, प्रत्येकाची तहान भागली का, ते बघावं.