एकविसावी खुंटी

बालमित्रांनो, जी पेटी उघडून पाहण्याची आपल्याला मनाई आहे, तिच्या भरवशावर आपले पाणी सोडावे काय?

डोंगराखालच्या एका वनात एक कोल्हा राहत असे. त्याने झऱ्यावर एक यंत्र बसविले होते. त्याच्या पेटीत खुंट्या ठोकलेला लाकडी रूळ पाण्याच्या जोराने फिरे. खुंटी वर आली की तिचा दोर ताणला जाई आणि एका पाटाचे दार उघडे. असे वीस पाट वीस घरांना पाणी देत. पेटी मात्र लाखेने बंद केलेली होती. शेवटच्या पाटावर सशाचा मळा होता. तेथे पोहोचेपर्यंत धार आटून जाई.

"कोल्होबा, एकदा पेटी उघडून पाहा ना! माझे वेल सुकले," ससा विनवी.

"तुझे वेलच आळशी! पेटीला हात लावलास, तर तुझा पाट कायमचा बंद," कोल्हा दटावी.

सुगरण पक्षिणीला दया आली. ती नवा रूळ घडवू लागली.

"ताई, मी पेटी कुरतडतो, तू आत डोकाव," उंदीर म्हणाला.

"नको रे बाबा. चोरून पाहिलेले देवाला रुचत नाही. बाहेरून दिसते तेवढ्यावरूनच करीन."

रोज उजाडताच ती फांदीवर बसे. कोणते दार केव्हा उघडते आणि किती वेळ उघडे राहते, हे ती गवताच्या काडीला गाठी मारून टिपून ठेवी. कोल्हा हसून म्हणे, "बांध खुशाल माझे दोर तुझ्या रुळाला! थकून माझ्याच पायाशी येशील." काम खरोखरच अवघड होते. पहिला रूळ अडकून बसला. दुसऱ्याने सगळी दारे एकदम उघडली आणि उंदराचे बीळ भरले. "ताई, मला पोहता येत नाही, हेही टिपून ठेव!" तो मिशा झाडीत ओरडला. सातवा रूळ मात्र नीट फिरला. सशाचा पाट काठोकाठ वाहिला.

कोल्हा सिंहाकडे धावला. "महाराज, हिने माझा रूळ चोरला! हुबेहूब माझाच आहे!"

"हुबेहूब आहे की नाही, हे दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून कसे कळावे? पेटी फोडा," सिंह म्हणाला.

कोल्ह्याचे कान पडले. सुगरणीच्या रुळावर वीस खुंट्या निघाल्या, कोल्ह्याच्या रुळावर एकवीस.

"चोरी असती, तर हिच्याही रुळावर एकवीस असत्या. ही जास्तीची कोणाची?" सिंहाने विचारले.

उंदीर त्या खुंटीच्या दोरामागे जमिनीखाली शिरला आणि दूरवर, कोल्ह्याच्या लपविलेल्या वाडीत, वर निघाला. परत येऊन म्हणाला, "महाराज, सशाचे पाणी सापडले. खरबुजे फार गोड आहेत!"

सिंहाने ती वाडी सशाला दिली. एकविसावी खुंटी कोल्ह्याच्या गळ्यात बांधण्यात आली, आणि रोज सकाळी सर्वांदेखत सुगरणीच्या उघड्या रुळाला तेल घालण्याचे काम त्याला जन्मभर करावे लागले.

तात्पर्य : जे सर्वांच्या गरजेचे, ते सर्वांना उघडून पाहता यावे, झाकणाखाली लोभ वाढतो, आणि झाकणाबरोबरच तो उघडा पडतो.