अर्ध्यावर अडलेले बिट

एक शिक्षक एकदा आपल्या गुरूकडे एक प्रश्न घेऊन गेला. उत्तर त्याने मनाशी आधीच ठरवले होते. ते फक्त गुरूच्या तोंडून वदवून घ्यायचे होते.

शिक्षकाचे नाव मोरेश्वर दळी. तालुक्याच्या गावी एका शाळेत तो भूगोल शिकवी. वय पंचेचाळिशीच्या पुढचे. त्याचे गुरू म्हणजे रंगनाथ मेस्त्री. त्यांनी उभे आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून काढले होते आणि आता ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहानसहान कामे करीत. हाताने काही घडवावे, अशी मोरेश्वरला फार हौस होती. चार वर्षे तो दर रविवारी त्या शेडमध्ये जाई, करवत कशी धरावी, लाकडाच्या रेषांचा कल कसा पाहावा, हे शिकून घेई, आणि घरी गॅलरीत मांडलेल्या छोट्या कार्यशाळेत करून पाही. तोवर हत्यारे बहुधा मेस्त्रींचीच वापरी.

मग एके दिवशी त्याला वाटले, आपले स्वतःचे सामान असावे.

दुकानदाराने त्याच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक, काँक्रीटसाठी असलेले करड्या रंगाचे एकच ड्रिल बिट, म्हणजे भोके पाडायच्या मशीनला लावायची पिळाची सळई. टोकाला कठीण धातूचा तुकडा बसवलेला, दांड्यावर माप कोरलेले. दुसरी, एक निळी पेटी. तिच्यात लहानमोठी शंभर बिटे, सगळी सोनेरी. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी.

“कशात भोकं पाडायचीत?” दुकानदाराने विचारले.

“सगळ्यातच,” मोरेश्वर म्हणाला आणि पेटी घेऊन घरी आला.

घरात त्याचे आई-वडील होते. वडिलांना सारे अण्णा म्हणत. पोस्टात टपाल वाटून निवृत्त झालेले, एकोणऐंशी वर्षांचे, पायांत जोर उरला नव्हता, पण कोणी हात धरलेला त्यांना खपत नसे. न्हाणीघरात जाताना मुलाने दंडाला धरले की ते थांबून राहत आणि मुलाने हात सोडल्यावरच पुढे पाऊल टाकीत. म्हणून मोरेश्वरने न्हाणीघराच्या भिंतीत धरायला स्टीलचा दांडा बसवायचे ठरवले. माणसाचा हात नको असेल तर भिंतीचा चालेल, असा त्याचा विचार होता, आणि तो चांगलाच होता.

भिंतीवरची फरशी फुटली नाही. तिच्यामागे मात्र नेमका काँक्रीटचा खांब लागला. स्क्रू दोन इंची होते. पहिले सोनेरी बिट पाऊण इंचावर थांबले. मोरेश्वरने अंगाचा भार टाकला. बिट किंचाळू लागले, जळका वास आला, टोकाचा सोनेरी रंग जाऊन ते निळेकाळे पडले. त्याने पेटीतले दुसरे लावले, मग तिसरे. शेवटी चारही भोके इंचभर खोल झाली. दुपार कलली होती, शेजारचे आवाजाला कंटाळले होते, आणि अण्णा दारात उभे राहून कौतुकाने पाहत होते.

स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात ठोकायच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या मोरेश्वरने निम्म्या कापल्या. स्क्रूही कापले. दांडा बसवला आणि स्क्रूंवर स्टीलची चकचकीत गोल झाकणे दाबली. दांडा ओढून पाहिला तेव्हा तो पक्का वाटला. येणाऱ्याजाणाऱ्याला अण्णा सांगत, “आमच्या मोरूनं बसवलाय.”

तेविसाव्या दिवशी सकाळी दांडा भिंतीतून सुटला.

अण्णांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण झोपून राहिल्याने छातीत कफ साठला आणि एकोणिसाव्या दिवशी ते गेले. जाण्याच्या दोन दिवस आधी मुलाकडे पाहून ते म्हणाले होते, “भिंतच कच्ची असेल रे.” मोरेश्वर म्हणाला होता, “हो अण्णा. भिंतच कच्ची.”

महिनाभराने तो मेस्त्रींच्या शेडमध्ये गेला. निळी पेटी त्याने बरोबर नेली होती. घडलेले सगळे त्याने सांगितले. ते भिंतीबद्दलचे बोलणे तेवढे सांगितले नाही. मग पेटीतून काळे पडलेले एक बिट काढून त्यांच्या हाती दिले.

“मेस्त्रीकाका, तुम्हीच सांगा. हे बिट खराब होतं ना?”

मेस्त्रींनी चष्मा पुसला. बिट उजेडात धरले, काचेच्या तुकड्यावर घरंगळवून पाहिले. ते सरळ घरंगळेना. त्यांनी ते खाली ठेवले. उठून भिंतीवरच्या फळीवरून स्वतःचे एक बिट काढले. त्या बिटाने मोरेश्वरने कितीदा तरी काम केले होते. मेस्त्री ते वापरून झाले की तेलाच्या फडक्याने पुसून ठेवीत आणि दुसऱ्या कोणाला सहसा देत नसत.

त्यांनी सहाणयंत्र सुरू केले आणि त्या बिटाचे टोक फिरत्या चाकावर धरले. ठिणग्या उडाल्या. मोरेश्वरला वाटले, धार लावत असतील. पण ते धार लावीत नव्हते. टोकाची कड गुळगुळीत गोल होईपर्यंत त्यांनी ते तसेच दाबून धरले.

“काका, अहो काय करताय?”

मेस्त्रींनी बिट मशीनला लावले. दोन इंचांवर खुणेची चिकटपट्टी गुंडाळली आणि मशीन त्याच्या हाती दिले. अंगणात काँक्रीटचा एक जुना खांब होता. “त्यात या खुणेपर्यंत भोक पाड,” ते म्हणाले.

गुरूने आपलेच उत्तम हत्यार का बिघडवले, हे मोरेश्वरला समजेना. तरीही तो गेला. मशीन सुरू झाले. थोडी भुकटी पडली, मग पडेनाशी झाली. आवाज चिरका झाला. त्याने आणखी जोर लावला, मग हात मागे घेतला आणि मशीन बंद केले.

“होत नाही, काका.”

“किती गेलं?”

“अर्धा इंच असेल.”

“मग थांबलास का?”

“बिट बोथट आहे. तुम्हीच केलंत.”

“मी केलं ते तू पाहिलंस. पाहिलं नसतंस तर कळलं असतं?”

मोरेश्वरने बिटाच्या टोकाकडे पाहिले. “कळलं असतं. भुकटी येत नव्हती. आवाज बदलला. टोक तापल्याचा वास येत होता.”

“त्या दिवशी हे काही झालं नव्हतं?”

मोरेश्वरने मशीन खांबाजवळ ठेवले.

“झालं होतं,” तो म्हणाला.

मेस्त्री लाकडी ओंडक्यावर बसले. “तुझी ती बिटं खराब होती. मऊ लोखंडाला सोनेरी रंग दिलेला. ती घेतलीस ही चूक, पण चूक कुणाकडूनही होते. माझ्याकडूनही झाल्यात. पण खराब हत्यारसुद्धा खोटं बोलत नाही, मोरेश्वर. ते किंचाळून सांगत होतं की हे काम माझ्यानं होणार नाही. ते तुला ऐकू आलं होतं. म्हणून तर स्क्रू कापलेस आणि वर झाकणं बसवलीस.”

मोरेश्वर खाली बसला.

“चांगलं बिट कशासाठी घ्यायचं, सांगू?” मेस्त्री पुढे म्हणाले. “भोक सुबक पडावं म्हणून नव्हे. काम अर्ध्यावर अडलं आणि माणूस दमला की तो स्वतःशी तडजोड करतो. एवढं पुरे, म्हणतो. आपण सगळेच म्हणतो. चांगलं हत्यार आपल्याला त्या जागेपर्यंत पोचू देत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा. आणि ते जवळ नसेल, तर काम उघडं टाकून उठायचं. भिंतीत चार अर्धी भोकं दिसू द्यायची. त्यांनी कुणी मरत नाही.”

हे शब्द कठोर होते. गुरूने ते मऊ केले नाहीत. मोरेश्वर रडला, आणि मग जे सांगितले नव्हते ते त्याने सांगितले. अण्णा भिंत कच्ची म्हणाले, आणि आपण हो म्हणालो.

मेस्त्री म्हणाले, “हे मला सांगून काय उपयोग?”

“मग कुणाला सांगू? ते तर गेले.”

“घरात तुझी आई आहे.”

मोरेश्वर घरी गेला. पण त्या दिवशी त्याला बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. आई ताटात तांदूळ निवडीत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, “आई, भिंत कच्ची नव्हती. भोकं अर्धीच झाली होती. मला तेव्हाच माहीत होतं.”

आईची बोटे थांबली. मग पुन्हा चालू लागली.

“दांडा सुटायच्या आधी आठ दिवस हलत होता,” ती म्हणाली. “ह्यांनी मला दाखवलं होतं.”

मोरेश्वरला वाटले आपण चुकीचे ऐकले. “मग मला का नाही सांगितलंत?”

“मी सांगणार होते. ते म्हणाले, नको. पोरानं हौसेनं बसवलाय, वाईट वाटेल त्याला. मी हळूच धरीन.” तिने ताटातला एक खडा बाजूला काढला. “मीही गप्प बसले. माझ्या डोक्यातून ते जात नाही.”

ती त्याला म्हणाली नाही की तुझा दोष नाही. त्यानेही तिला तसे म्हटले नाही. पण अण्णा गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कोणी खरे बोलले होते, आणि निवडलेले तांदूळ आईने चुलीवर चढवले तेव्हा मोरेश्वर तिथेच बसून होता.

पुढच्या रविवारी त्याने मेस्त्रींना विचारले, “माझ्याबरोबर दुकानात याल?”

“नाही. निवडायचं तुला आहे. भोक कशात पाडायचंय ते आधी ठरव. काँक्रीटचं वेगळं, लोखंडाचं वेगळं, लाकडाचं वेगळं. टोकाचा तुकडा नीट सांधलाय का, ते नखानं चाचप. काचेवर घरंगळवून बघ. दांड्यावर माप आणि बनवणाऱ्याचं नाव नसेल तर हातही लावू नकोस. आणि शंभर घेऊ नकोस. घरच्या कामाला सात-आठ पुरतात. ती बोथट झाली की टाकून द्यायला मन घट्ट कर.”

मोरेश्वरने आठ बिटे आणली. एकेक पाहून घेतले. त्याला तासभर लागला. त्याने न्हाणीघरातल्या त्याच खांबात, जुन्या भोकांच्या वर वीतभर अंतरावर, नवी चार भोके पाडली. या वेळी भुकटी शेवटपर्यंत पडत राहिली. पूर्ण लांबीचे स्क्रू आत गेले. जुनी भोके त्याने बुजवली नाहीत. मेस्त्री पाहायला आले. स्वतः दांड्याला लोंबकळले, म्हणाले, “ठीक आहे,” आणि चहा न घेता गेले.

तेव्हा मोरेश्वरने आईला बोलावले. तिने उजव्या हाताने दांडा धरला, मग डाव्यानेही.

“आई, हा कधी हलला,” तो म्हणाला, “अगदी एवढासा हलला तरी, मला त्याच दिवशी सांगायचं. मला वाईट वाटलं तरी.”

“सांगेन,” आई म्हणाली.

आपणही घरात काही ना काही बसवीत असतो, आणि आपल्या माणसांना ते हलताना कळत असते. त्यांनी ते आपल्याला सांगावे, असे आपण वागतो का, एवढेच पाहायचे.