चिखलाची पहिली गोळी

एका माळावर, विहिरीवर वाकलेल्या बाभळीत, सुगरण पक्ष्यांचा एक थवा पिढ्यान्‌पिढ्या राहत असे. पुढे माळावरचे गवत नाहीसे झाले आणि थवा ओढ्याकाठच्या शिंदीवर राहायला आला. थव्यात एक म्हातारा पक्षी होता. नव्या घरट्यात चिखलाची पहिली गोळी त्याने चिकटवायची आणि मगच मादीने तिथे अंडी घालायची, अशी त्यांची रीत. म्हाताऱ्याला या मानाचे भारी कौतुक!

त्याच्या नातवाने घरटे विणले. गवत नव्हते, म्हणून शिंदीच्या पानांच्या बारीक पट्ट्या काढल्या. उगवतीकडच्या ओढ्यावरून वारा भणाणत येई, म्हणून दार मावळतीला ठेवले. ते पाहून म्हाताऱ्याचे डोकेच फिरले. "हे काय सोंग? आपल्या घराण्यात घरटं गवताचंच, अन् दार उगवतीलाच! मोड आधी, तरच गोळी लावीन."

"आजोबा, हिचे दिवस भरलेत हो," नातू काकुळतीने म्हणाला. नातसून पानाआड अवघडून बसली होती. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिले खरे. पण हट्टापुढे कोणाचे काय चालते? "खरं घरटं कसं असतं, ते आणूनच दाखवतो," म्हणत तो बाभळीकडे उडाला.

तिथे काट्यांत जुनी घरटी अजून लोंबत होती. त्याचे स्वतःचे घरटे लांब नळीचे होते. वडिलांच्या घरट्याची नळी आखूड होती. आणि आजोबांच्या घरट्याला नळीच नव्हती! मग त्याला लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवली. बाभळीवर साप चढू लागला, तेव्हा वडिलांनी पहिली नळी विणली होती. "ही कसली सोंड लावलीस?" म्हणून आजोबांनी आकाशपाताळ एक केले होते. त्याच नळीच्या आडोशाला हा म्हातारा अंड्यातून सुखरूप बाहेर आला होता. त्याचे डोळे भरून आले. तिन्ही घरट्यांत एकच गोष्ट सारखी होती, भिंतीला लावलेली चिखलाची सुकलेली गोळी.

आजोबांच्या गोळीचा तुकडा चोचीत धरून तो परतला. ओढ्यात भिजवून त्याने तो नव्या घरट्यात चिकटवला. "ये गं बाळ, आत ये. इथे वारा मुळीच लागत नाही," तो नातसुनेला म्हणाला. मग नातवाकडे वळला, "तुझा नातू कसलं घरटं विणेल, देव जाणे. तेव्हा मात्र मुकाट्यानं गोळी लाव हो!"

तात्पर्य : घर काळाप्रमाणे बदलू द्यावे, त्यातली माया तेवढी जुनी ठेवावी.