पहिली वाटी

एका गावात एक फुटबॉलचा पगारी संघ होता, आणि त्या संघापायी अख्खं गाव खुळं झालं होतं. सामन्याच्या दिवशी दुकानं बंद आणि हलग्या चालू. जावई घरी आला असला तरी त्यालाही मैदानाच्या भिंतीवर नेऊन बसवायचे.

या संघाची एक रीत होती. सामना जिंकला की त्याच मैदानात जेवणाची पंगत बसे. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं उतरलं की पहिली वाटी गोल मारणाऱ्याला मिळे. मग गोलसाठी बॉल पुरवणाऱ्याला, मग बाकीच्यांना. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याची वाटी शेवटची.

रीत प्रेमाची होती, पण संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी तिचा तराजू करून टाकला. साल संपताना ते एवढंच बघत, की कुणी पहिली वाटी प्यायली आणि कुणी नाही. गोल राखणारा गोली सोडला, तर ज्याला ती कधीच मिळाली नाही, तो गडी कामाचा नाही. माणूस तोलायला वाटी पुरते, असं त्यांना खरंच वाटत होतं.

संघात दौलत नावाचा एक खेळाडू होता. बचावाच्या फळीपुढे, मैदानाच्या मधोमध, ही त्याची जागा. समोरच्यांची चढाई सुरू होतानाच मोडायची आणि बॉल आपल्या माणसाला द्यायचा, हे त्याचं काम. फौंड्रीतली नोकरी सोडून तो या खेळात आला होता. गोल त्याने एकही मारला नव्हता. पहिली वाटी त्याने कायम दुसऱ्याच्या हातात पाहिली होती.

मोठ्या चषकाचा अंतिम सामना आला. त्या दिवशी सकाळी तात्यासाहेबांनी दौलतला बोलावून घेतलं.

"दौलत, पोरगा चांगला हैस तू. पण साल सरलं, तुझ्या तोंडाला वाटी काय लागली न्हाई. आज गोल मारलास तर ऱ्हाशील. न्हाईतर पुढच्या साली दुसरा गडी बघतो."

मान हलवून दौलत बूट बांधायला गेला. बंद सोडवून त्याने ते दोनदा बांधले. मन ठिकाणावर नव्हतं.

समोर किनाऱ्यावरच्या शहराचा बलाढ्य संघ होता. त्यांचा दहा नंबरचा खेळाडू फार नावाजलेला. त्यांची प्रत्येक चढाई त्याच्या पायातून सुरू व्हायची. दहा नंबर मधून आला, दौलतने बॉल काढून घेतला. तो डावीकडे सरकला, दौलत आधीच तिथे हजर. त्याने उजवीकडून लांब पास टाकला, तर तो मध्येच दौलतच्या छातीवर. शेवटी दहा नंबर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि आपल्याच सोबत्यांवर खेकसायला लागला.

लोकांना मात्र यातलं काही दिसलं नाही. भिंतीवर बसलेले म्हणत होते, "ह्यांचा लई गवगवा ऐकला हुता, पण आज काय दम न्हाई गड्यांच्यात." शहाणेच की सगळे! घडलेलं सगळ्यांना दिसतं. घडू दिलं नाही, ते कुणाला दिसणार?

सामना संपत आला तरी गोल नव्हता. आणि त्याच वेळी दौलतने मैदानाच्या मध्यावर बॉल हिसकावला. पुढे वाट मोकळी होती. "पळ दौलत, मार!" सगळं मैदान ओरडलं.

दौलतच्या डोळ्यांपुढे ती वाटी आली आणि पुढचं सालही आलं. त्याने मागे एक नजर टाकली. बचावातले दोघे भरात येऊन पुढे गेले होते. मागे रान मोकळं होतं आणि दहा नंबर तिथेच घोटाळत होता. आपण पुढे गेलो आणि बॉल हुकला, तर आपल्या गोलीपुढे एकही माणूस उरत नाही.

त्याने बॉल इंद्रजितला दिला. इंद्रजित म्हणजे गोल मारणारा, गावाचा लाडका. बॉल दिला आणि दौलत उलटा, आपल्या गोलकडे धावत सुटला. लोकांनी कपाळावर हात मारले. तात्यासाहेबांनी तोंड फिरवलं.

इंद्रजितने सणसणीत फटका मारला. बॉल खांबावर आपटून परत आला तो थेट किनाऱ्यावाल्यांकडे. एका लांब पासात तो दहा नंबरला पोचला. आता त्याच्यापुढे फक्त गोली होता. म्हणजे त्याला तसं वाटलं. तेवढ्यात बाजूने दौलत तांबड्या मातीवर घसरत आला आणि त्याने बॉल स्वच्छ काढून घेतला. गुडघे सोलून निघाले. तसाच उठून त्याने बॉल पुढच्या गड्याकडे धाडला, त्याने तो इंद्रजितला पुरवला, आणि या खेपेला इंद्रजित चुकला नाही.

गुलाल उधळला गेला. लोकांनी इंद्रजितला खांद्यावर घेतलं. पंगत बसली आणि आचाऱ्याने पहिली वाटी भरून तात्यासाहेबांच्या हातात दिली. ते इंद्रजितकडे निघाले, तोच त्यांची नजर मन्सूरवर पडली. मन्सूर संघाचा गोली. सगळे गडी मातीने माखलेले, आणि हा लख्ख पिवळ्या शर्टात बसलेला.

तात्यासाहेब तापले. "काय रं मन्सूर? शर्टाला डाग न्हाई तुझ्या! फायनल खेळायला आलतास का लग्नाला?"

मन्सूर उठून उभा राहिला. "साहेब, मी काय करू? आज बॉल माझ्यापर्यंत आलाच न्हाई."

"का न्हाई आला?"

मन्सूरने पंगतीच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे दौलत गुडघ्यांना ओलं फडकं बांधून आपल्या शेवटच्या वाटीची वाट बघत बसला होता. त्याच्या शर्टाचा रंग कुठला, हे सांगता आलं नसतं.

"माझ्या शर्टाची माती त्याच्या अंगावर हाय, साहेब. सालभर माझ्यापुढं हा उभा हाय, म्हणून मी धड हाय. आज बोलतो, आधीच बोलाय पायजे हुतं."

मग इंद्रजित बोलला. "बॉल खांबाला लागला तवा मी डोकं धरून बसलोतो, तात्यासाहेब. तवा हा मागं पळत हुता. माझा गोल ह्याच्या जिवावरचा. ती वाटी माझी न्हवं."

तात्यासाहेब हातातल्या वाटीकडे बघत राहिले. माणूस हेकट होता, पण खोटा नव्हता. ते पंगतीच्या टोकापर्यंत चालत गेले, दौलतपुढे मांडी घालून बसले आणि त्यांनी वाटी त्याच्या हातात दिली.

"सकाळचं माझं बोलणं इसर लेका. लई उपकार झालं तुझं."

दौलतचे डोळे भरून आले. त्याने वाटी तोंडाला लावली.

"कसा झालाय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"गरम हाय," दौलत म्हणाला.

तात्यासाहेबांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांची मान खाली गेली. सालभर शेवटच्या वाटीला रस्सा निवलेलाच असायचा.

त्या दिवसापासून गावाने रीत बदलली. पहिली वाटी अजूनही निघते. पण ती कुणाला द्यायची, ते आता गोली सांगतो.

तात्पर्य: संकट आपल्यापर्यंत आलं नाही, तर नशिबाचे आभार मानण्याआधी ते वाटेत कुणी अडवलं हे बघावं, आणि त्याच्या हातात वाटी गरम असतानाच द्यावी.