गवा आणि टेकडीवरचा कोल्हा

मुलांनो, एका जंगलात एक खार राहत असे. तिच्या झाडाखाली एक म्हातारा गवा पडून असायचा. एका कोरड्या उन्हाळ्यात याच गव्याने खुरांनी जमीन उकरून झरा मोकळा केला होता आणि सारे जंगल त्यावर जगले होते. आता त्याचे गुडघे गेले होते. झरा समोर दिसे, पण तिथवर जाता येत नसे. खार पानाच्या द्रोणातून पाणी आणी. एवढ्याशा पाण्याने त्याचा घसाही ओला होत नसे.

थकलेल्या प्राण्यांना हत्तीने सोंडेतून पाणी नेऊन द्यावे, असा सिंहाचा हुकूम होता. कारभार कोल्ह्याकडे होता आणि कोल्हा बसे टेकडीच्या माथ्यावर. ज्याला गरज आहे त्याने स्वतः वर येऊन सांगायचे, हा त्याचा नियम. असल्या नियमाला काय म्हणावे! खारीने गव्यासाठी खेटे घातले, तर उत्तर एकच, "तू कोण? त्याला पाठव." शेवटी बिचारा गवा दगडादगडावर थांबत, तोंडातून फेस गाळत वर पोहोचला. कोल्ह्याने त्याला नीट न्याहाळले. "अरे वा, टेकडी चढलास की! मग सपाटीवरच्या झऱ्यापर्यंत जायला काय धाड भरली आहे? हत्ती मिळणार नाही."

उतरताना गव्याचे पाय दुमडले आणि तो वाटेतच कोसळला. खार धापा टाकत पुन्हा वर गेली. "आता त्याला उठताही येत नाही! हत्तीला पाठवा!"

"मग त्याने तसे येऊन सांगावे," कोल्हा जांभई देत म्हणाला. "तोवर तुझा खारीचा वाटा आहेच की!"

खारीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती खाली उतरली आणि पायथ्याशी सावलीत डुलत उभ्या असलेल्या हत्तीवर ओरडली, "एवढी मोठी सोंड आहे तुला, लाज नाही वाटत?"

"मला कोणी सांगितलेच नाही गं," असे म्हणत हत्ती ओशाळून झऱ्याकडे धावला. पण तो सोंड भरून येईपर्यंत गव्याने मान टाकली होती.

संध्याकाळी सारे जंगल गव्याभोवती जमले. कोल्हाही आला आणि गळा काढून म्हणाला, "आपल्याला झरा देणारा गेला हो!"

खार त्याच्या पुढ्यात उभी राहिली. "म्हणजे ही वाट तुला उतरता येत होती तर!" ती म्हणाली.

तात्पर्य : ज्याला उठता येत नाही त्याला दारात बोलावणे म्हणजे तोंडावर 'नाही' म्हणणेच होय. मदत द्यायची असेल, तर देणाऱ्याने आधी चालत जावे.