घड्याळाखालचं लग्न

जिथे क्षणभर थांबायलाही बंदी, अशा भर चौकात लग्न लावता येईल का हो? कुसुमताईंनी लावलं.

चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला त्यांच्या यजमानांनी तीस वर्षं चावी दिली होती. लेकीचं लग्न या घड्याळाखालीच लावायचं, असं ते नेहमी म्हणत. ते गेले, पण कुसुमताईंनी त्यांचा शब्द सोडला नाही. माणसंही मोजून अकराच बोलवायची होती.

परवानगी मागताच पालिकेचे सरनोबत साहेब मात्र खुर्चीतूनच गरजले, "बाई, ती वर्दळीची जागा आहे. तिथे बसायचं नाही, उभं राहायचं नाही. चालायचं असेल तर खुशाल चाला!"

"तेवढं लिहून द्या, साहेब."

साहेबांनी हसत हसत लिहून दिलं आणि वर शिक्काही मारला.

रविवारी होम आणि मंगलाष्टकं घरीच उरकून मंडळी मनोऱ्याखाली आली. लेक मुग्धा आणि नवरदेव हातात हात घालून चालू लागले. पाहुणे चालता चालताच अक्षता टाकू लागले. साहेब धावत आले.

"अहो, हे काय चाललंय?"

"चाललंयच ना, साहेब? थांबलंय कुठे?" कुसुमताईंनी कागद पुढे केला. "सप्तपदीचं सातवं पाऊल पडल्याशिवाय आमच्यात लग्न पुरं होत नाही. तेवढी सात पावलं चालायला आलोय."

साहेबांनी स्वतःची सही पाहिली आणि ते बाजूला झाले. सातवं पाऊल पडलं. कुसुमताईंनी वर घड्याळाकडे पाहून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन जोडपी तसाच कागद मागायला पालिकेत आली.